मोरसचे बेट आणि झांबियाचे पठार



गेल्या महिन्यात एका गावी खोडवा व्यवस्थापनाची बैठक आटोपून आम्ही पारावर चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता विषय साखरेच्या दरावर आला. तो तर यायचाच. तेव्हा एक वयस्क सभासद म्हणाले, "साहेब, आमची आजी साखरेला मोरस म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या दोन तालुक्यांएवढं बेट, आणि त्याची साखर आमच्या आज्याच्या चहात! समुद्र दाराशी असला की झालं. माल बोटीत टाकला की पैसा. आपण पडलो आत, घाटाच्या वर. आपलं काय व्हायचं?"

मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न डोक्यातून जाईना. शेतकऱ्याचे नशीब समुद्रावर ठरते का? जमिनीच्या आकारावर ठरते का? याचा उलगडा करायचा तर एक अगदी लहान बेट आणि समुद्र नसलेला एक मोठा देश शेजारी शेजारी ठेवून पाहावेत, असे मनात आले. दोन्हीकडे ऊस असला तर उत्तमच. तसे दोन देश आहेत. एक मॉरिशस आणि दुसरा आफ्रिका खंडाच्या पोटातला झांबिया. त्यांची हकीकत या अंकात सांगतो.

मोरसचे बेट

मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या गोव्याहूनही लहान. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. बेटावर ऊस आणला डच लोकांनी, १६३९ साली, जावाहून. पुढे फ्रेंच आले, मग इंग्रज आले. ऊस मात्र वाढतच गेला. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर माणसे नेली गेली. पुढच्या ७०-८० वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसे त्या बंदरात उतरली. बहुतेक बिहारची आणि मद्रासकडची, पण आपल्या कोकणातीलही कितीतरी कुटुंबे त्यांत होती. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि शाळांतून मराठी शिकवली जाते.

त्या लोकांनी काळ्या कातळाचे धोंडे वेचून जमीन तयार केली. आजही उसाच्या फडात वेचलेल्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. आपण माळरान फोडून बागायत केली, त्यातलाच तो प्रकार.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. त्या वेळी कुणी त्याचे भविष्य चांगले सांगत नव्हते. जेम्स मीड नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने, ज्याला पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, १९६१ च्या अहवालात या बेटाबद्दल काळजीच व्यक्त केली होती. माणसे वाढताहेत, जमीन वाढत नाही, पीक एकच आणि त्यावरही वादळाची टांगती तलवार. ही भीती खोटी नव्हती. १९६० साली दोन महिन्यांत दोन वादळे आली आणि त्या हंगामात साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली गेले. समुद्र दाराशी असतो तो फक्त बोटीच घेऊन येत नाही, वादळही घेऊन येतो.

समुद्र नसलेला देश

आता झांबिया पाहा. क्षेत्रफळ साडेसात लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट. मॉरिशससारखी साडेतीनशेहून अधिक बेटे त्यात मावतील. जमीन मुबलक, झांबेझी आणि काफ्वे यांच्यासारख्या बारमाही नद्या, वर जमिनीखाली तांबे. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा तांब्याच्या जोरावर झांबियाची गणना आफ्रिकेतील खात्यापित्या देशांत होत होती. दोघांपैकी कोण पुढे जाईल असे त्या वेळी कुणाला विचारले असते, तर दहापैकी नऊ जणांनी झांबियाकडे बोट दाखवले असते.

पण या देशाला आठ शेजारी आणि समुद्र एकही नाही. तांबे बाहेर काढायचे तर दुसऱ्याच्या दारातून. रेल्वे दक्षिणेला ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, जात होती. कोळसा तिकडूनच येई. करिबाचे मोठे धरण दोघांच्या सामाईक नदीवर, पण त्या काळी वीजघर एकच आणि तेही पलीकडच्या काठावर.

११ नोव्हेंबर १९६५ रोजी ऱ्होडेशियातील गोऱ्या मंडळींनी परस्पर स्वातंत्र्य जाहीर केले. जगाने त्यांच्यावर बंदी घातली आणि त्याचा फटका बसला शेजारच्या झांबियाला. पेट्रोल विमानाने आणावे लागले. टांझानियाच्या दारेसलाम बंदराकडे जाणारा कच्चा रस्ता इतका वाईट, की ट्रकवाले त्याला नरकाची वाट म्हणत. १९७३ च्या जानेवारीत दक्षिणेची सरहद्द पूर्ण बंद झाली. १९७५ साली अंगोलात यादवी पेटली आणि पश्चिमेकडचा रेल्वेमार्गही गेला. शेवटी चीनच्या मदतीने दारेसलामपर्यंत १,८६० किलोमीटरची नवी रेल्वे बांधली. १९७० साली काम सुरू झाले आणि १९७६ साली गाडी रीतसर चालू झाली. तोवर जगात तांब्याचे भाव कोसळले होते. रस्ता मिळाला तेव्हा मालाला भाव नव्हता. पुढे कर्ज वाढत गेले आणि २०२० सालीही या देशाला परकीय कर्जाचे हप्ते थकवावे लागले.

आज माणशी उत्पन्न पाहिले तर मॉरिशसचे झांबियाच्या आठ-नऊ पट भरते. म्हणजे पारावरच्या त्या सभासदांचे म्हणणे खरे ठरले का? समुद्र असला की झालं का?

थांबा, उसाची हकीकत अजून राहिली आहे.

लांबीची भिंत

तांबे ज्या लांबीने मारले, त्याच लांबीने झांबियात ऊस तारला. ही गोष्ट मला स्वतःला फार विचार करायला लावणारी वाटली.

बंदर दीड-दोन हजार किलोमीटर लांब असले, की आपला माल बाहेर नेताना भाडे बसते हे खरे. पण बाहेरचा माल आत येतानाही तेवढेच भाडे बसते! जगातली स्वस्त साखर झांबियात पोचेपर्यंत स्वस्त राहत नाही. म्हणून १९६० च्या दशकात तिथे मझाबुका गावाजवळ नकाम्बाला येथे उसाचा मोठा मळा उभा राहिला आणि १९६८ पासून देशाची स्वतःची साखर निघू लागली. पाणी काफ्वे नदीचे. ऊन भरपूर आणि हिवाळा कोरडा, थंड. ऊस पिकण्याला याहून चांगले हवामान नाही. पाणी तोडून ऊस पक्व करायचा आणि मगच तोडायचा, हे तिथे काटेकोर पाळतात. हेक्टरी १०० टनांच्या वर, म्हणजे एकरी ४० टनांच्या पुढे सरासरी काढणारा तो मळा आहे. एखाद्या गुंठ्याची गोष्ट नाही, हजारो हेक्टरांची आहे.

आणखी एक गंमत. झांबियाने १९९८ पासून घरगुती साखरेत अ जीवनसत्त्व मिसळणे सुरू केले आणि ते सक्तीचे ठेवले. पोरांच्या डोळ्यांसाठी चांगलेच. पण ज्या साखरेत ते नाही ती बाहेरची साखर बाजारात येऊ शकत नाही, म्हणजे घरच्या साखरेला दुसरे कुंपणही आपोआप पडले. आज झांबियात वर्षाला चार लाख टनांच्या आसपास साखर होते आणि शेजारच्या काँगोसारख्या देशांतही ती जाते.

आणि साखरेचे बेट मॉरिशस? १९७३ साली तिथे विक्रमी ७ लाख १८ हजार टन साखर झाली. अलीकडच्या वर्षांत ती अडीच लाख टनांच्या आसपास आली आहे. म्हणजे आज समुद्र नसलेला देश साखरेच्या बेटाहून जास्त साखर करतो. कुणाला खरे वाटेल?

ही भिंतीची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्या आजोबांच्या चहात मोरस साखर होती, कारण ती बोटीने मुंबईत स्वस्त उतरत होती. १९३२ साली सरकारने बाहेरच्या साखरेवर जकातीचे संरक्षण दिले आणि चार-पाच वर्षांत देशातील कारखाने तीसेकवरून शंभराच्या पलीकडे गेले. त्या आडोशाला ऊस वाढला, आणि १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला. झांबियाला भिंत भूगोलाने दिली, आपल्याला कायद्याने.

एक गिऱ्हाईक, एक भाव

आता मॉरिशसची साखर का घटली ते पाहू. १९७५ साली युरोपच्या देशांबरोबर एक करार झाला. त्यानुसार मॉरिशसची वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या भावाने युरोप घेणार. हा भाव जगाच्या बाजारापेक्षा बहुतेक वर्षी कितीतरी जास्त होता. बेटाला जणू घरबसल्या पक्के गिऱ्हाईक मिळाले. तीस वर्षे हे सुख टिकले.

मग युरोपने आपले धोरण बदलले. २००६ ते २००९ या काळात कच्च्या साखरेचा हमीभाव टनाला ५२३ युरोवरून ३३५ युरोवर आणला. शेकडा ३६ ची कपात. २००९ साली जुना करारही संपला. गिऱ्हाईक तेच, बंदर तेच, समुद्रही तोच. पण दार उघडायचे की लावायचे हे युरोपच्या हाती होते.

एवढा मार बसूनही बेट बुडाले नाही, कारण चांगल्या दिवसांतच त्यांनी दुसरी दारे उघडून ठेवली होती. १९७० सालीच निर्यातीच्या कारखान्यांसाठी खास सवलतीचा कायदा केला आणि कापडाच्या गिरण्या आणल्या. साखरेचा पैसा हॉटेलांत आणि उद्योगांत घातला. साखरेतही कच्ची साखर विकणे सोडून पांढरी शुद्ध साखर, आणि डेमेरारा, मस्कोव्हाडो यांसारख्या चवीच्या खास साखरा करून जास्त भाव मिळवला. बगॅसवर वीज केली. अर्थात हंगाम संपला की त्याच वीजघरांत बाहेरून आणलेला कोळसा जाळावा लागतो, हेही सांगितले पाहिजे. सगळे काही गोड नाही.

झांबियाने तांब्याच्या चांगल्या दिवसांत असे दुसरे दार पुरेसे उघडले नाही. त्याच्या अवतीभवती लढाया चालू होत्या, हे मान्य. पण एका मालावर सगळा देश उभा राहिला आणि त्या मालाचा भाव परदेशात ठरत होता. म्हणजे तांबे काय आणि साखर काय, दुखणे एकच. समुद्र असणे-नसणे हा त्या दुखण्याचा अर्धाच भाग.

लहान शेतकऱ्याचे काय झाले?

देश तरला म्हणजे शेतकरी तरला असे नव्हे. सभासदांनी हा भाग जरा नीट वाचावा, अशी विनंती आहे.

मॉरिशसने ऊस उत्पादकासाठी काही चांगल्या गोष्टी केल्या. १९१३ पासून तिथे सहकारी पतसंस्था आहेत. १९४६ साली वादळ आणि दुष्काळासाठी पीकविम्याचा निधी सुरू केला, तोही उत्पादकांच्याच वर्गणीतून. १९१९ पासून सगळ्यांची साखर एकाच संस्थेमार्फत विकली जाते, त्यामुळे व्यापारी एकाला दुसऱ्याविरुद्ध खेळवू शकत नाही. उसातून जेवढी साखर निघेल तिचा ठरावीक हिस्सा, कित्येक वर्षे शेकडा ७८, उत्पादकाचा आणि २२ गिरणीचा. तोही वजनावर नाही, ज्याच्या उसात जितकी साखर त्याप्रमाणे. १९९४ साली लहान उत्पादक आणि कामगार यांच्यासाठी एक न्यास करून गिरण्यांचे शेकडा २० भाग त्यांना दिले.

एवढे करूनही युरोपचा भाव पडल्यावर लहान शेतकरी मागे हटला. एकरभर, दीड एकर जमीन, ती दगडाची, मजूर मिळेना, पोरे हॉटेलांत आणि कचेऱ्यांत गेली. हजारो लहान उत्पादकांनी ऊस सोडला. कित्येक ठिकाणी जमिनी पडीक राहिल्या. १९७० च्या दशकात ऐंशी हजार हेक्टरांच्या वर ऊस होता, तो आज निम्म्याच्या आसपास आला. १९७० च्या दशकात वीसेक गिरण्या होत्या, आता तीन उरल्या. कामगारांना रोख रक्कम आणि घरापुरती जागा देऊन स्वेच्छेने निवृत्त केले. पुढे सरकारने शेजारशेजारचे तुकडे एकत्र करून, दगड काढून, यंत्र चालेल असे पट्टे करून देण्याची योजना आणली. चांगली योजना, पण बरेच जण तोवर निघून गेले होते.

आणि झांबियात? तिथला मोठा मळा आणि कारखाना २००१ पासून परदेशी कंपनीच्या ताब्यात आहे. १९८० च्या दशकात कालेया येथे लहान शेतकऱ्यांना उसाचे तुकडे देण्याची योजना झाली आणि ती बऱ्यापैकी चालली. पण पाणी, बेणे, तोड, भाव हे सगळे कारखाना ठरवणार. शेतकरी ऊस घालतो, कारखान्यात त्याचा शब्द नाही. २०२४ च्या दुष्काळात करिबाचा जलाशय तळाला गेला, देशात दिवसाचे कितीतरी तास वीज नव्हती. नदी असली तरी पाणी उचलायला वीज लागते, हे तिथल्या लोकांना तेव्हा पुन्हा एकदा कळले.

दोन्ही देशांत मला एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे ऊस घालणाऱ्यानेच उभा केलेला आणि ऊस घालणाऱ्याच्याच मताने चालणारा कारखाना. मॉरिशसने शेकडा २० भाग दिले, तेही १९९४ साली. आपल्याकडे सभासद हाच मालक, हे १९५० पासून आहे. पण मालकी कागदावर असणे वेगळे आणि वापरणे वेगळे.

आपण काय घ्यावे?

आपली दारेही पुष्कळदा दुसऱ्याच्या हातात असतात. साखर परदेशी पाठवायची की नाही हे दिल्लीत ठरते. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारने एकाएकी बंधने आणली, ती पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर उठली. त्या आठ-नऊ महिन्यांत कित्येक कारखान्यांचे हिशेब विस्कटले. तेव्हा एक दार बंद झाले तर दुसरे कोणते उघडे आहे, हा प्रश्न आपलाही आहे. माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट उताऱ्याची. मॉरिशसमध्ये ज्याच्या उसात साखर जास्त त्याला पैसा जास्त. आपल्याकडे एफआरपी उताऱ्यावर ठरते खरी, पण सगळ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. म्हणून "माझा ऊस कसा का असेना, वजन भरलं म्हणजे झालं" असे पुष्कळांना वाटते. तोडीच्या तोंडावर पाणी देऊन वजन वाढवणारा स्वतःबरोबर शेजाऱ्याचाही दर खाली ओढतो. पाणी वेळेवर तोडा, पक्वतेप्रमाणे तोड घ्या, तोडलेला ऊस फडात वाळत ठेवू नका.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. वाटण्या होऊन होऊन वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे झाले. तोडणी मजूर दरवर्षी कमी होत चालले आहेत आणि यंत्र तुकड्यात वळत नाही. बांध मोडायचा नाही, सात-बारा बदलायचा नाही, फक्त शेजारच्या चार-सहा जणांनी एकाच वेळी, एकाच जातीची, एकाच अंतराच्या सरीने लागण करायची. मॉरिशसने हे उशिरा केले. आपण शेतकरी उठून जाण्याआधी करू या.

तिसरी गोष्ट वार्षिक सभेची. सभेला येऊन केवळ "दर किती?" एवढेच विचारू नका. साखरेतून किती आले, विजेतून किती, मळी आणि इथेनॉलमधून किती, आणि त्यातले किती आमच्या बिलात उतरले, हे विचारा. मालकाने हिशेब विचारण्यात कमीपणा नाही, आणि कारभाऱ्यांनी तो देण्यातही नाही. आणि हो, शेअर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसनोंद करून घ्या. नोंद नाही तर मत नाही.

चौथी गोष्ट सांगताना जरा अवघड वाटते, कारण ऊस वाढवा असे सांगण्यासाठीच कारखान्याने मला नेमले आहे. तरी सांगतो. सगळे रान उसाखाली घालू नका. एक हंगाम हरभरा, सोयाबीन, भाजीपाला, दारात दोन जनावरे, असे काहीतरी दुसरे दार घरात उघडे असू द्या. फेरपालटाने पुढच्या लागणीचे टनेजही वाढते, म्हणजे यात कारखान्याचेही नुकसान नाही.

पारावरच्या त्या सभासदांना आता उत्तर देतो. दादा, समुद्र चांगलाच, पण समुद्रकाठचा लहान शेतकरीही ऊस सोडून गेला. आणि समुद्र नसलेल्या देशात चांगला ऊस उभा आहे, पण तो शेतकऱ्याच्या मालकीचा नाही. आपण घाटाच्या वर आहोत, बंदर लांब आहे. पण कारखान्याची किल्ली आपल्या कनवटीला आहे. ती तेवढी हरवू देऊ नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी